अक्कांच्या पायाला आलेल्या मुंग्या

हॉलच्या दारातला चपलांचा ढीग पार रस्त्यापर्यंत आला होता. मध्य प्रदेशातल्या देवासच्या मराठी मंडळींचा गणपती दरवर्षी ज्या स्टेजवर बसतो, तिथे आज एक काळी पेटी बसली होती. पेटीतून निघालेली वायर एका पितळी ताटलीला जोडलेली. ताटलीवर तळहात ठेवायचा, हिरवा दिवा लुकलुकायचा, प्रिंटर करकरायचा आणि माणसाच्या सगळ्या आजारांचा कागद बाहेर यायचा.

"अरे भिया, मेरा घुटना बता दिया! बिना सुई के!" कुणीतरी माळव्यातल्या हिंदीत ओरडलं.

"माझी शुगरसुद्धा!" एका पेन्शनर आजोबांनी कागद कपाळाला लावला.

स्टेजवर किमया उभी होती. निळी सिल्कची साडी, हातात माइक, मागे बॅनर: 'देहलिपी हेल्थ सिस्टिम्स', आणि त्याखाली तिचं नाव, संस्थापक व कार्यकारी संचालक.

"मंडळी, पेशी बोलतात! कोट्यवधी पेशी एकदम बोलतात, आपण ऐकतच नाही. माझं मशीन ऐकतं. अमेरिकेत आत्ता कुठे चाचपडताहेत, आणि देवासला पाहा, ताटलीवर हात ठेवला की झालं!"

टाळ्या पडल्या. तीन वर्षांच्या अक्षतला मांडीवर घेऊन बसलेल्या वेदिकाने मात्र टाळी वाजवली नाही. हात अडकले होते, हे खरं. पण खरं कारण वेगळं होतं.

बी.एस्सी.ची तिन्ही वर्षं किमया तिच्या शेजारच्या बाकावर होती. फिजिक्सच्या प्रॅक्टिकलचे आकडे वेदिकाच्याच वहीतून उतरवायची. वेदिका कॉलेजात पहिली आली आणि अठ्ठ्याण्णव साली लग्न होऊन स्वयंपाकघरात गेली. किमयाला एका विषयात पुन्हा बसावं लागलं. मग ती औषधकंपनीत लागली, मग इंदूरच्या दवाखान्यांना कॉम्प्युटर विकू लागली, आणि सहा वर्षांत स्वतःची कंपनी, ड्रायव्हरसकट गाडी, पेपरात फोटो! त्या फोटोवर वेदिकाने लसूण सोलला होता. मुद्दाम.

"अगं, आपली वेदिका!" किमयाने वरूनच ओळखलं. "किती वाळलीस! घरीच असतेस ना?"

तो 'घरीच'मधला 'च' वेदिकाला संध्याकाळपर्यंत टोचत राहिला.

पण घरी त्याहून मोठा घोर वाट पाहत होता. अक्षतला आकडी येई. डॉक्टरांनी दिलेल्या सिरपने दीड वर्ष ती आली नव्हती. हॉलमध्ये फॉर्म भरून घेणाऱ्या अंकिताला वेदिकाच्या सासूबाईंनी, म्हणजे अक्कांनी, कौतुकाने सांगितलं होतं, "आकडीचं सिरप चालू आहे, पण आता पोर ठणठणीत आहे हो." आणि मशीनच्या कागदावर आलं होतं: 'मस्तिष्क स्वस्थ. सिरप अनावश्यक. चालीस दिन देहलिपी चूर्ण.'

"उद्या सकाळपासून सिरप बंद," अक्कांनी बाटली फळीवर चढवली. "एवढीशी पोर ती किमया, मशीन काढलं तिनं! तिला कळत नाही होय?"

"अक्का, हे औषध असं एकदम तोडलं तर आकडी उलटते. डॉक्टरांनी बजावलंय."

पीथमपूरच्या कारखान्यातून शिफ्टच्या बसने आलेला तिचा नवरा अभिषेक बूट काढता काढता म्हणाला, "चाळीस दिवस बघू की. आणि खरं सांग, किमयाचं नाव निघालं की तुझं तोंड का उतरतं?"

वेदिकाचं तोंड उतरत होतंच. तिने निमूटपणे फळीवरची बाटली काढून अक्षतला रात्रीचा डोस पाजला. उद्याचा कसा पाजणार, हे तिला कळेना.

"माझा कागद तरी वाच," अक्कांना चष्मा सापडत नव्हता, त्यांनी कागद तिच्यापुढे धरला.

वेदिका वाचू लागली. "त्वचा: चींटी के काटने से एलर्जी. घर में कीटनाशक छिड़कें..."

"काय? मुंग्या? माझ्या घरात?" अक्का ताडकन उठल्या. "चाळीस वर्षं दोनदा फरशी पुसते मी!"

"तुम्ही अंकिताला सांगितलंत तरी काय?"

"पायांना मुंग्या येतात म्हटलं. मांडी घालून उठलं की येतात तशा. हसतेस काय?"

वेदिकाला हसू आवरेना. अंकिता मराठी घरची, पण शिकली हिंदी शाळेत. पाय बधिर होऊन झिणझिण्या आल्या की मराठी माणूस मुंग्या आल्या म्हणतो, हे तिच्या गावीही नव्हतं. तिने फॉर्मवर सरळ 'चींटी' लिहिलं.

"पोरीचं चुकलं, अक्का, ते जाऊ द्या. मशीनचं कसं चुकलं? ताटलीवर हात तर तुमचा होता. तुमच्या रक्ताला मराठी येत नाही?"

अक्का खाली बसल्या. "म्हणजे त्यानं माझा हात वाचलाच नाही?"

"फॉर्म वाचला."

हे बोलून वेदिका स्वतःच थबकली. किमया खोटी ठरावी असं आपल्याला इतकं वाटतंय, की त्यापायीच हे दिसत नसेल ना? पोराच्या जिवाशी गाठ होती. नुसतं वाटून भागणार नव्हतं.

"अक्का, सिरप एकच दिवस चालू ठेवू. उद्या पुन्हा जाऊ. हात एकच, फॉर्म दोन."

घराची अब्रू गेलेल्या अक्का एका पायावर तयार झाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या रांगेत उभ्या राहिल्या. पहिला फॉर्म स्वतःच्या नावाचा: गुडघे फार दुखतात. दहा मिनिटांनी पुन्हा रांगेत. शेजारच्या कुसुमावतीबाईंनी आपलं नाव वापरायला दिलं होतं: गुडघे उत्तम, कानात घंटी वाजते. गर्दीत मान वर करून कुणी पाहिलं नाही. वेदिका दोन्ही कागद घेऊन स्टेजवर चढली.

"किमया, हे दोन्ही कागद आमच्या अक्कांच्या उजव्या हाताचे. एकात गुडघ्यांची झीज, दुसऱ्यात गुडघे सशक्त आणि कान खराब. मध्ये दहा मिनिटं गेली."

"तरंग बदलतात, डिअर. शरीर म्हणजे नदी..."

"मग माझे गुडघे त्या नदीत वाहून गेले का गं?" अक्का खालून कडाडल्या. हॉल खो खो हसला.

एव्हाना त्यांच्याबरोबर आलेले वेदिकाचे सासरे, वीजखात्यातून निवृत्त झालेले तात्या, पेटीमागे वाकले होते. त्यांनी खिशातल्या टेस्टरने चार स्क्रू काढले. "या, बघा. ताटलीची वायर दिव्याला जाते आणि तिथेच संपते. आत एक बॅटरी. कॉम्प्युटरला या पेटीतून काहीही जात नाही."

अंकिता गोंधळून म्हणाली, "पर मॅम, बीमारी तो फॉर्म के शब्द से ही आती है ना? लिस्ट में डाली हुई है..."

किमयाचा चेहरा लाल झाला. "तू जळतेस, वेदिका! कॉलेजपासून जळतेस!"

वेदिकाने माइक घेतला. "हो, जळते. काल हिची साडी पाहून मला घास गेला नाही. म्हणून माझ्या शब्दावर जाऊ नका. हे दोन कागद हातोहात फिरवा. पेटीत डोकावा. त्या बॅटरीला कुणाचा हेवा वाटत नाही."

कागद रांगेरांगेतून फिरले. ते आजोबा आपला कागद उलटसुलट करत पुटपुटले, "शुगर तर मीच सांगितली होती."

अक्कांनी वेदिकाच्या कडेवरून अक्षतला घेतलं. "चल घरी. याच्या सिरपची वेळ टळायला नको."

किमयाची गाडी पुढे धारला जाणार होती, मग कुक्षीला. वेदिकाने दोन्ही कागदांच्या झेरॉक्स काढून नात्यातल्यांना तिकडे धाडल्या. किमयाबद्दलची जळजळ तिच्या मनातून गेली असं नाही. एवढी हुशारी तिने खऱ्या मशीनवर का खर्चली नाही, याने ती उलट वाढलीच.

तुमच्या गावात असली पेटी आली, तर हात ठेवा आणि कुठे दुखतं ते सांगू नका. डॉक्टरही विचारतात, पण विचारलं हे लपवत नाहीत, आणि विचारून झाल्यावर तपासतात. सांगणारा आवडता असो की नावडता, त्याचं म्हणणं दोनदा पडताळून बघा. आणि चालू असलेलं औषध असल्या कागदापायी एक दिवसही तोडू नका. शंका असेल, तर ज्यांनी ते लिहून दिलं, त्यांनाच जाऊन विचारा.