पत्रातली म्हैस

प्रियदर्शनीने दिवाळीची सगळी सुट्टी वडिलांची पत्रं टाइप करण्यात घालवली. एकशे त्रेचाळीस निळी इनलँड पत्रं. वडील फौजेत होते, तेव्हा राधानगरीजवळच्या त्यांच्या गावी दर पंधरवड्याला एक यायचं. कॉलेजात ग्रंथपाल असलेल्या बाईला टायपिंगचं काय एवढं! पण ही नुसती टाइप करत नव्हती, शोधत होती. दर पत्र उघडताना वाटायचं, यात तरी आईचं नाव असेल.

आई, म्हणजे शालूबाई. वडिलांनी तिला जन्मात कधी नावाने हाक मारलेली प्रियदर्शनीने ऐकली नव्हती. आईच्या वाट्याला नवऱ्याची माया आलीच नाही, हे तिने लहानपणीच ठरवून टाकलं होतं आणि वडील गेल्यावरही ते तिला आतून खात होतं.

कोल्हापुरातल्या एका कॉलेजात तीन दिवसांची कार्यशाळा होती. जुनी पत्रं, वह्या संगणकावर कशा जपायच्या, त्यातले शब्द सॉफ्टवेअरने कसे शोधायचे आणि मोजायचे, हे पुण्याहून आलेला उन्मेष शिकवत होता. पोरगा हुशार, पण तोंडाला लगाम म्हणून नाही. शेवटच्या दिवशी घरातलं जाणतं माणूस घेऊन या, असं त्याचं फर्मान होतं. कागदात नसतं ते त्यांनाच ठाऊक असतं म्हणे. म्हणून शालूबाई मागच्या बाकावर मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या.

प्रियदर्शनीने शोधायच्या चौकटीत ‘शालू’ लिहिलं. शून्य. ‘सौ.’ लिहून बघितलं. शून्य. सगळी पत्रं ‘तीर्थरूप दादांस’, म्हणजे तिच्या आजोबांना, आकारामदादांना.

“मॅडम, आता उलटं करू,” उन्मेष म्हणाला. “‘आहे’, ‘आणि’ असले शब्द सोडून कुठला शब्द सगळ्यात जास्त आलाय ते यालाच विचारू.”

त्याने बटण दाबलं. समोरच्या पडद्यावर ठळक अक्षरांत उमटलं: म्हैस, दोनशे चार वेळा.

“फौजी म्हशीवर भाळला हुता की!” कुणीतरी म्हणालं आणि सगळा वर्ग खो खो हसला. प्रियदर्शनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेही आईच्या देखत!

“राहू दे,” ती उन्मेषला म्हणाली. “ही पत्रं आम्हाला कॉलेजच्या संग्रहात द्यायचीच नाहीत.”

“का गं, का द्यायची न्हाईत?” मागून शालूबाईंचा खणखणीत आवाज आला. त्या उठून पुढं आल्या. “म्हस माझी हुती.”

“तुझी?”

“मग! माझ्या माहेरची, आंदणातली. दुसऱ्या कुणाला धार काढू द्यायची न्हाय, लाथ घालायची. पत्रात म्हशीचं इचारलं की मामंजी मला हाक मारायचे. एरवी सुनंला कोण इचारतंय? पर म्हशीचं मलाच सांगाय लागायचं. मी उंबऱ्यात उभी ऱ्हाऊन सांगायची, मामंजी उत्तरात लिवायचे.”

“काय सांगायचीस?”

शालूबाई लाजल्या. पंचाहत्तरीची बाई, पदर तोंडाला लावून चक्क लाजली. “म्हस खाईना झालीया म्हणून लिवा, म्हणायची. मामंजी गव्हाणीकडं बघायचे. गव्हाण चाटूनपुसून खाल्ल्याली. पर मुकाट्यानं लिवायचे.”

आता कुणी हसलं नाही.

“आणि ती म्हैस किती वर्षं होती आई?”

“किती कुठली? दुसऱ्याच पावसाळ्यात मेली.”

“अगं, पण पत्रं तर सहा वर्षांची आहेत. शेवटच्या पत्रातसुद्धा ती आहे!”

“मामंजींनी कळवलंच न्हाय. म्हणले, पोराकडं इचारायला दुसरं हाय काय? पुढं हे सुट्टीवर आलं, रिकामा खुटा बघितला की त्यांनी. कायबी बोललं न्हाईत. परत गेले, आन् पयल्याच पत्रात...”

ते पत्र प्रियदर्शनीने स्वतः टाइप केलं होतं. ‘म्हैस कशी आहे? तिच्या तब्येतीस जपावे.’ टाइप करताना ती वडिलांवर चिडली होती.

“मग हे मला आजवर का नाही सांगितलंस?”

“तू कवा इचारलंस?”

प्रियदर्शनीने डोळे पुसले आणि पत्रांची यादी पुन्हा उघडली. ‘पत्र कोणाला’ या रकान्यात प्रत्येक ओळीत तिने आजोबांचं नाव घातलेलं होतं. पहिल्या ओळीत त्या नावापुढं तिने लिहिलं, ‘आणि शालूबाई’.

“मॅडम, एकशे त्रेचाळीस ओळी आहेत,” उन्मेष हळूच म्हणाला. “मी एका झटक्यात सगळीकडे भरून देतो.”

“नको,” ती म्हणाली. “मी एकेक लिहिते.”