आडवं झालं की थांबणारं दुखणं

मोज्यात भरलेलं गरम मीठ.

दुंबा मेंढ्याच्या शेपटीची चरबी, ओटीपोटाला बांधायला.

तीन बाळंतपणं.

पाहुणे बसलेले असताना सून बसत नाही.

आमच्या मर्गिलानमधल्या प्रत्येक बाईला येणारं वैद्यकशास्त्र: थंड दगडावर बसलीस ना, आता भोग.

झुलहुमोर थंड दगडावर कधी बसली नव्हती. बसायला वेळ लागतो. सकाळी अंगण झाडायचं, मग चहा, मग पाहुणे, आणि त्यांच्यासमोर किटली धरून उभं राहायचं. संध्याकाळपर्यंत ओटीपोटात कुणी ओला गालिचा कोंबल्यासारखं जड व्हायचं. आडवी झाली की ओसरायचं.

"काम दिसलं की दुखतं, गादी दिसली की थांबतं," सासू इनोयत शेजारणींना सांगायची. "फार शहाणं दुखणं आहे हो."

सात वर्षं उपचार चालू होते, म्हणजे मीठ. मिठाने दुखणं वाढलं की मीठ कमी पडलं, असा निष्कर्ष निघायचा.

शेवटी इनोयतनेच तिला फरगानाच्या दवाखान्यात नेलं. बरं करायला नव्हे. सून आळशी आहे हे शिक्क्यानिशी लिहून घ्यायला. झुलहुमोरने तोंड उघडायच्या आतच ती सुरू झाली.

"डॉक्टरबाई, ही उभी राहिली की दुखतं. पाहुण्यांपुढे तर हमखास. आणि जरा लोळली की ठणठणीत! याला काय म्हणायचं?"

डॉक्टर रुखसोरा भराभर लिहून घेत होत्या. "सांगा, खाला. बाळंतपणांनंतर वाढलं?"

"प्रत्येक बाळागणिक थेरं वाढली!"

"शेक दिल्यावर?"

"जास्तच विव्हळते. मिठाचीसुद्धा कदर नाही."

"नीट लक्ष ठेवलंत, खाला. इतकं नेमकं मला कुणी सांगत नाही." डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. "हिच्या ओटीपोटातल्या शिरा फुगल्यात. उभं राहिलं की रक्त तिथे साचतं, आडवं झालं की ओसरतं."

इनोयतने पडद्याकडे असं पाहिलं, जणू तो सुनेच्या माहेरून आला होता.

मानेजवळच्या शिरेतून बारीक नळी आत गेली, बिघडलेल्या शिरेत धातूच्या इवल्या गुंडाळ्या बसल्या, रक्ताची ती वाट बंद झाली. झुलहुमोर पूर्ण वेळ जागी होती. दुसऱ्या दिवशी घरी.

शेजारणी तंदुरात भाजलेले सोमसे घेऊन टाके बघायला आल्या.

"टाके नाहीत," झुलहुमोर म्हणाली. मानेवर डास चावल्याएवढा ठिपका होता.

"अगंबाई, मग ऑपरेशन कसलं? माझं पित्ताशय काढलं तेव्हा बघायचं होतंस, वीतभर!"

इनोयतचा चेहरा पडला. एवढं फरगानाला नेऊन दाखवायला काही नाही, म्हणजे घराण्याची अब्रूच गेली की. तिने डॉक्टरांचा कागद काढला आणि मोठ्याने वाचला: फार वेळ उभं राहू नये. खाली शिक्का.

झुलहुमोर किटली घेऊन उभीच होती.

"बस की गं!" इनोयत खेकसली. "लोकांना वाटेल, मी खोटं वाचतेय."

"बसू, ओयी?" झुलहुमोरने सासूला विचारलं. "पाहुण्यांसमोर?"

"आता काय सहीशिक्का करून देऊ?"

ती बसली. किटली शेजारणीनेच उचलली.

झुलहुमोरच्या नवऱ्याच्या, मुरोदजोनच्या, अंडकोशातल्या शिरा लग्नाआधी अशाच फुगल्या होत्या. इनोयतने त्याला चौथ्या दिवशी दवाखान्यात नेलं होतं.