लाजलेला वर्ग

"बाबा, आमचा अख्खा वर्ग एवढा लाजलेला का दिसतोय?"

हा प्रश्न मी घरी विचारून दाखवावा, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. विचारला. बाबांनी ग्रुप फोटो हातात घेतला. पोरी गुलाबी, पोरं गुलाबी, आणि खेळाचे सर, ज्यांना आजवर कशाचीच लाज वाटलेली नाही, तेही गुलाबी.

"स्क्रीनवर बरोबर आहे," बाबा म्हणाले.

आमचा फोटो स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत बाबा कॉम्प्युटरवर रंग बघतात, आतल्या खोलीत आई प्रिंटर सांभाळते. मधल्या भिंतीत छोटी खिडकी आहे. तिच्यातून चहाचे कप जातात, बोलणं जात नाही.

मुख्याध्यापिका बाईंचा निरोप होता, उद्या धड फोटो द्या, नाहीतर यापुढे शाळेचं काम दुसऱ्या स्टुडिओला. शाळेच्या कामावर आमचं निम्मं दुकान चालतं. शिवाय त्या दुसऱ्या स्टुडिओवाल्याची ढापणी मुलगी माझ्याच बाकावर बसते.

"शाई बदलू," आई म्हणाली.

"परवाच बदलली."

"मग कागद."

"कागदाला काय धाड भरलीय?"

"मी बघते," मी म्हटलं. दोघांनी माझ्याकडे घरातलं मांजर बोलल्यासारखं बघितलं.

मी फोटोच्या मागे मागे दोन्ही खोल्या फिरले. पुढे बाबांनी या कागदाचं प्रोफाइल निवडलं. हा कागद शाई कशी पितो ते त्यात असतं, त्यावरून कॉम्प्युटरच रंग जुळवून देतो. झकास. आत आईनं प्रिंटरच्या सेटिंगमध्ये 'रंग आपोआप सुधारा'वर टिचकी मारली.

"आई, हे कधीपासून?"

"नवा प्रिंटर आल्यापासून. रंग जुळवायचं यांच्या लक्षात राहत नाही, म्हणून मीच करते."

"मग त्यांना सांगितलं का नाहीस?"

"उगाच वाईट वाटेल."

"मला ऐकू येतंय," खिडकीतून बाबा म्हणाले.

म्हणजे सुधारलेला रंग प्रिंटर परत सुधारत होता. मी ती टिचकी काढून प्रिंट घेतली. गुलाबी गेलं, सर पूर्ववत निर्ढावलेले दिसू लागले. मग आईच्या समाधानासाठी नुसती तिची सेटिंग ठेवून एक काढली. त्यात सर आजारी.

"मी काही म्हटलं का?" बाबा म्हणाले.

"चेहऱ्यानं म्हणताय," आई म्हणाली.

"पण मग लग्नाच्या अल्बमांबद्दल कुणी तक्रार कशी केली नाही?" मी विचारलं.

"लाजलेली नवरी कुणाला खटकणार?" आई म्हणाली. "आणि ऐक, उद्या तुझे बाबा प्रोफाइल निवडायला विसरले तर?"

"आणि हिनं हळूच टिचकी मारली तर?"

दोघांचंही खरं होतं. मी खिडकीपाशी उभी राहिले, म्हणजे दोन्ही खोल्यांना ऐकू जाईल.

"मी ठरवलंय. शाळेचे फोटो आत्ता मी छापणार आणि उद्या बाईंच्या टेबलावर मीच ठेवणार. यापुढे प्रिंटचं बटण माझं. बाबांनी प्रोफाइल निवडलं का, ते मी बघणार. आईनं टिचकी मारली का, तेही मीच बघणार. आणि एकमेकांचं काही सुधारायचं असेल, तर या खिडकीतून आधी तोंडानं सांगायचं."