मास्तरांची चौदावी पायरी

मास्तर कुठल्याही शाळेत शिकवत नव्हते. मॉडेलचे किट बनवणाऱ्या कारखान्यात ते पुस्तिका काढायचे. विमान असो, आगबोट असो की तोफगाडी, डबा उघडल्यावर सुट्या भागांवर जी पुस्तिका ठेवलेली असते, आधी हा भाग, मग तो, इथे बाण, तिथे डिंक, ती सव्वीस वर्षं यांच्या हातची. सुरुवातीला कारखान्यात त्यांना पायरीमास्तर म्हणत. पुढे पायरी गळाली, मास्तर राहिले.

पुस्तिका काढण्याची त्यांची एक रीत होती. मॉडेल आधी स्वतः तीनदा जुळवायचं, मग आकृत्या काढायच्या, आणि छापायला जाण्याआधी 'कोरी जुळणी' करून घ्यायची. म्हणजे ज्याने ते मॉडेल डोळ्यांनीही पाहिलेलं नाही अशा माणसाला नुसती पुस्तिका आणि भाग देऊन बसवायचं. माणूस जिथे अडेल ते पान रद्द. या कामाला त्यांनी बायकोला धरलं होतं, कारण मॉडेल या प्रकाराशी तिला काडीचं देणंघेणं नव्हतं. धूळ पुसायची आणखी एक वस्तू, यापलीकडे तिचं मत नव्हतं. ती जेवणाच्या टेबलावर बसायची, मुकाट्याने जुळवायची आणि उठायची. पहिलं किट सोडलं तर बावीस वर्षांत ती एकदाही अडली नव्हती. हे मास्तर सगळ्यांना सांगत. केस कापणाऱ्यालाही सांगत, आणि तो बिचारा दर महिन्याला नव्याने ऐकल्यासारखं करी.

अशा माणसाला पुस्तिका बंद होणार ही बातमी छापखान्यातून कळली. छापखानेवाल्याने सहज विचारलं, की आता तुमचा कागद मागवायचा नाही ना? मास्तरांच्या पायाखालची वाळूच सरकली. ते तसेच जिना चढून धाकट्या मालकांकडे गेले. मालकांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि सगळं समजावून सांगितलं. डब्याच्या झाकणावर एक चौकोनी खूण छापायची, फोन तिच्यासमोर धरला की पडद्यावर मॉडेल उभं राहतं, बोटाने हवं तसं फिरवून बघता येतं, चूक सापडली तर त्याच दिवशी दुरुस्त होते. मास्तरांना पडद्याचा राग आलाच, पण खरा राग याचा आला की सव्वीस वर्षं ज्यांच्याबरोबर काम केलं त्यांनी कुणीच ताकास तूर लागू दिली नव्हती. साचेवाल्यानेही नाही. साचेवाला म्हणजे ज्याच्या साच्यांतून भाग निघत तो कारागीर, आणि मास्तरांचा कारखान्यातला एकुलता एक दोस्त.

"हातच्या काकणाला आरसा कशाला?" मास्तर म्हणाले. "दोन माणसं बसवा. एकाला पडदा द्या, एकाला माझी पुस्तिका. ज्याचं मॉडेल बिनचूक होईल त्याची पद्धत ठेवा."

मालक कबूल झाले. मास्तरांच्या बाजूने अर्थातच बायको बसणार होती. वीस-बावीस मॉडेलं जुळवलेली बाई कोरी कशी, असं मालकांनी चाचरत विचारलं, तेव्हा मास्तर हसले. विमानाचं तोंड कुठल्या बाजूला असतं हे तिला अजून सांगता यायचं नाही, ती उठली की विसरते, असं त्यांनी ठासून सांगितलं. पडद्यासाठी कारखान्याच्या दारावरचा पहारेकरी ठरला. किट नवंच निघालेलं होतं, एका जुन्या काळच्या विमानाचं, एकावर एक असे दोन पंख असलेल्या.

बैठकीच्या खोलीत लांब टेबलाच्या दोन टोकांना दोघांना बसवलं. मालक मधे, मास्तर भिंतीशी, आणि साचेवाला भाग तुटले तर नवे द्यायला म्हणून दारात उभा. पहारेकरी सुरुवातीला सुसाट सुटला. पडद्यावर भाग गरागरा फिरत होते आणि तो खूश होता. पण दर मिनिटाला पडदा झोपी जायचा, आणि याच्या दहाही बोटांना डिंक. आधी त्याने कोपराने पडदा जागा करून पाहिला, मग नाकाने. नाकाला जमलं, पण मिशीचा एक केस पडद्याला चिकटून राहिला. मालकांनाही हसू आवरेना. मास्तर मात्र बायकोकडे पाहत होते. ती पान उलटत होती, भाग तोडत होती, लावत होती. त्यांना वाटलं, आता फक्त वेळेचा प्रश्न आहे.

चौदाव्या पायरीला वरचा पंख खालच्या पंखावर चढवायचा होता, चार टेकूंवर. टेकू दिसायला अगदी सारखे. बायकोने एक टेकू उचलला, पुस्तिकेत पाहिलं, परत ठेवला. दुसरा उचलला, तोही ठेवला. मग तिने पुस्तिकेवरची नजर काढली आणि वर पाहिलं. मास्तरांकडे नाही, दाराकडे.

दारात साचेवाल्याने उजवा हात पुढे धरला आणि सावकाश पालथ्याचा उताणा केला.

बायकोने टेकू उलटा केला. त्याच्या मागच्या बाजूला नखाएवढी खाच होती. खाच असलेले दोन तिने डावीकडे लावले, नसलेले उजवीकडे, आणि पंख पहिल्या झटक्यात बसला. मास्तरांनी आकृती आठवली. टेकू त्यांनी समोरूनच काढले होते. खाच त्यांना माहीत होती, त्यामुळे ती सांगावी लागेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. समोर बसलेलं माणूस भाग उलटून बघणारच, असं ते गृहीत धरून चालले होते.

तासाभराने मालकांनी दोन्ही विमानं हातात घेऊन पाहिली. पहारेकऱ्याचंही सरळ होतं, पण पंखावर डिंकाचे ठसे होते आणि एक चाक वाकडं. बायकोचं बिनचूक. पुस्तिका राहिली, असं मालकांनी जाहीर केलं आणि मास्तरांचा हात हातात घेतला. साचेवाल्याने पाठीवर थाप मारली. ज्या घटकेसाठी त्यांनी आठवडाभर जीव टांगणीला लावला होता ती घटका आली, आणि मास्तरांना कधी एकदा इथून बाहेर पडतो असं झालं होतं.

घरी जाताना अर्ध्या रस्त्यात मास्तरांनी विचारलं की हे कधीपासून चाललंय. तिने आधी काय म्हणून विचारलं, पण त्यांचा चेहरा पाहून पुढचं सोंग केलं नाही. पहिल्या किटला ती पाच ठिकाणी अडली होती आणि तसं तिने सांगितलंही होतं. त्यावर मास्तरांनी अख्खी पुस्तिका फाडली, दोन दिवस जेवले नाहीत, रात्री उठून आकृत्यांकडे बघत बसायचे. म्हणून पुढचं किट आलं तेव्हा ते शनिवारी छापखान्यात गेल्यावर ती पुस्तिका घेऊन साचेवाल्याकडे गेली. त्याच्याजवळ बसून तिने ते एकदा जुळवून घेतलं, आणि मग घरी येऊन कोरी बसली.

"एकदाच करायचं होतं हो," ती म्हणाली. "पण तुम्ही इतके खूश झालात."

"दर शनिवारी जात होतीस?"

"नवीन किट आलं की. भाऊजी दाखवायचे."

"केसाने गळा कापलात तुम्ही दोघांनी माझा."

तिने त्यांना थांबवलं नाही, रडलीही नाही. तिच्या मते कुणाचंच काही वाईट झालं नव्हतं आणि मॉडेलं तर सगळ्यांची जुळत होती. बायको कुणा परक्याबरोबर पळून गेली असती तरी समजून घेता आलं असतं, असा एक मूर्ख विचार मास्तरांच्या मनात आला. हिने तर घरात राहून, टेबलावर समोर बसून, बावीस वर्षं त्यांच्या हुशारीचं नाटक वठवलं होतं. आणि टाळ्या वाजवणारे ते एकटेच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मालकांकडे गेले आणि काल खूण केली गेली होती, निकाल रद्द करा, असं उभ्याउभ्याच म्हणाले.

मालकांनी दार लावून घेतलं. "मास्तर, तो हात मलाही दिसला होता."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमची दोनच वर्षं राहिलीत. तोवर कागद चालवू म्हटलं. वडीलही सांगून गेले होते, तुम्हाला दुखवायचं नाही म्हणून."

दुखवायचं नाही म्हणजे काय, असं मास्तरांनी विचारलं. मालक उठले. मग त्यांनी कपाटातून एक पुठ्ठ्याचा डबा काढून टेबलावर ठेवला. आत चिठ्ठ्या होत्या, बोटभर रुंद, पातळ कागदाच्या. प्रत्येकीवर किटचा क्रमांक आणि खाली चार-सहा ओळी छापलेल्या. मास्तरांनी पुस्तिका पास केली की मागाहून अशी एक चिठ्ठी किटच्या प्रत्येक डब्यात पडायची. बायको साचेवाल्याकडे बसून जिथे जिथे अडे, ते ते तिथेच लिहून द्यायची आणि थोरले मालक, त्यांच्यामागे धाकटे, दुसऱ्या छापखान्यातून छापून घ्यायचे. मास्तरांना सगळे भाग साचेखान्यातूनच मिळत, दुकानात जाणारा बंद डबा उघडायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

मास्तर खुर्चीत बसले. वरचीच चिठ्ठी या विमानाची होती, म्हणजे कालच्या आधीच ती छापून आली होती; स्वतःच लिहून दिलेलं बायको काल टेबलावर विसरली होती. 'पायरी चौदा: टेकू उलटा धरून बघा. मागे खाच असेल तर तो डावीकडचा. दोन्ही वेगळे ठेवा, मग डिंक उघडा.' वाचताना त्यांना आवाजही ऐकू आला. घरी किराणा आणायला पाठवतानाही ती असंच बोलायची, आधी काय, मग काय, आणि चुकू नये म्हणून काय.

त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं आणि सगळ्या चिठ्ठ्या समोर ओढल्या. मालकांना वाटलं ते फाडणार. ते तपासायला बसले होते. छापील मजकुरात चूक काढणं हा त्यांच्या हातचा मळ होता. आगबोटीच्या चिठ्ठीत ते डावं-उजवं शोधत राहिले, तोफगाडीच्या चिठ्ठीत क्रमांक पडताळले, रेल्वे इंजिनाची तीनदा वाचली. कुठेतरी एखादा भाग चुकीचा सांगितलेला असेल, एखादी पायरी मागेपुढे झालेली असेल. तशी एक जरी सापडली असती तर बायकोला माफ करणं सोपं गेलं असतं. मालक मधेच चहा ठेवून गेले, तो निवून त्यावर साय आली. बावीस वर्षांच्या चिठ्ठ्या तळापर्यंत संपल्या आणि पेन कुठेच टेकलं नाही.

"मग?" मालकांनी परत येऊन हळूच विचारलं. "पुस्तिका पाठवू ना छापायला?"

"नको," मास्तर म्हणाले. "ती काय म्हणते ते पडद्यावर घाला."