ताईच्या हातातले लाल कार्ड

मित्रांनो, मी एक जुने लाल कार्ड आहे. सारे आयुष्य पत्त्यांच्या टेबलावर गेले, पण मी पत्ता नाही. माझ्यावर ना राजा, ना राणी. पांढऱ्या ठळक अक्षरांत एकच शब्द आहे, ‘थांबा’. माझा एक कोपरा दुमडला आहे आणि खालच्या बाजूला अंगठा घासून घासून रंग उडाला आहे. तो अंगठा कोणाचा, हे सांगण्यासाठीच आज तोंड उघडते आहे.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. औषधांची खोकी छापून उरलेल्या जाड पुठ्ठ्यातून मला कापले. कापणाऱ्याला जेवायची घाई होती, म्हणून मी एका बाजूला जरा तिरकेच राहिले. तिथून माझी रवानगी छत्र्यांच्या दुकानावरच्या एका दिवाणखान्यात झाली. तिथे पत्त्यांचे सामने चालत.

खेळ चौघांचा. समोरासमोर बसलेले दोघे एकमेकांचे भिडू. पत्ते वाटले की आधी बोली, मग डाव. भिडूशी बोलायचे नाही, खुणा करायच्या नाहीत, भुवईसुद्धा उडवायची नाही. बोलीही तोंडाने लावायची नाही. प्रत्येकाच्या कोपराशी एक डबी असे, तिच्यातले कार्ड काढून मांडायचे. पण माणसाची जात मोठी बिलंदर! तोंड बंद केले तर ती वेळेने बोलते. चटकन ‘पास’ मांडला म्हणजे हात रिकामा, आणि बराच वेळ घुटमळून मांडला म्हणजे हातात काहीतरी आहे, हे भिडूने ओळखून घ्यायचे. याला आळा घालण्यासाठी माझी नेमणूक झाली. मोठी बोली लावणाऱ्याने आधी मला टेबलावर ठेवायचे. मी तिथे आहे तोवर पुढच्या खेळाडूने थांबायचे, विचार करायचा असो वा नसो. ज्याने ठेवले त्यानेच मला उचलायचे. त्यामुळे सगळ्यांचे थांबणे सारखे होई.

नियम चांगला होता, पण मला मान देणारे थोडे. कोणी मला टिचकी मारून पुढे ढकली, कोणी ठेवता ठेवताच उचली. एकाने तर माझ्यावर चहाचा कप ठेवला. ताईचे तसे नव्हते. खिडकीजवळच्या टेबलावर तिची जागा ठरलेली, आणि तिच्या डबीत मी. ती जन्मभर दवाखान्यात औषधे बांधून देत आली होती. थेंब कमी नाही, थेंब जास्त नाही. खेळही तसाच. सोपी खेळी असो की अवघड, तिचा वेळ एकसारखा. मला ठेवताना ती अंगठ्याने हलकेच दाबायची आणि नीट वेळ भरल्यावरच उचलायची. तिच्यावर घड्याळ लावून घ्यावे, असे सामन्यांवर देखरेख करणाऱ्या पंचबाई म्हणत. मला तेव्हा केवढा अभिमान वाटे!

तिचा भिडू म्हणजे तिचा धाकटा भाऊ. त्याचे चष्म्यांचे दुकान होते. आई लवकर गेली, तेव्हा ताईनेच त्याला लहानाचा मोठा केला आणि पत्ते धरायलाही तिनेच शिकवले. तिची एक शिकवण मी कितीदा तरी ऐकली आहे. ‘‘धाकट्या, भिडू थांबला की त्याच्या तोंडाकडे बघायचं नाही. आपल्या पत्त्यांकडे बघायचं. आपल्या हातात आहे तेवढंच आपलं.’’ तो तसेच करी. ती घुटमळली की हा मान खाली घाली.

आणि हो, ती घुटमळू लागली होती. सुरुवातीला कोणाच्या लक्षात आले नाही. मग हुकूम कोणता आहे, हे ती डाव निम्मा झाल्यावर विचारू लागली. मला ठेवायची आणि उचलायचे विसरायची. फेरी संपल्याची घंटा व्हायची आणि यांचा डाव अर्धाच असायचा. पंचबाईंनी दोनदा समज दिली. तेव्हापासून भाऊ स्वतःचे पत्ते भराभर टाकू लागला, तिचा गेलेला वेळ आपल्या वेळातून भरून काढू लागला. लोक म्हणाले, ‘‘याला हल्ली कसली घाई असते हो?’’ तो नुसता हसायचा.

एकदा सगळे चहाला उठून गेल्यावर दोघेच टेबलाशी राहिले. ताई मला हातात घेऊन उलटेसुलटे करत होती.

‘‘काल दवाखान्याच्या रस्त्यावर मी उभीच राहिले रे,’’ ती म्हणाली. ‘‘घर कुठल्या बाजूला, तेच आठवेना.’’

‘‘दमली असशील, ताई.’’

‘‘मला खुळ्यात काढू नकोस. मला कळतंय काय होतंय ते. घरी काय विसरायचं ते विसरेन. पण इथे माझं हसं होऊ देऊ नकोस. या लोकांनी मला तशी बघायला नको. एवढं करशील?’’

‘‘करेन,’’ भाऊ म्हणाला.

वर्षाच्या मोठ्या सामन्यात दोघे शेवटच्या फेरीपर्यंत पोचले. समोर दातांचे डॉक्टर आणि त्यांचे मेहुणे. शेवटचा डाव वाटला गेला. ताईने पत्ते उचलले, लावायला घेतले, आणि लावता लावता तिचा हात डबीकडे आला. मी लाल, म्हणून तिने मला बदामाच्या पानांशेजारी लावून टाकले! मित्रांनो, मी पहिल्यांदाच खऱ्या पत्त्यांत बसले होते. एका बाजूला बदामची राणी, दुसऱ्या बाजूला चौकटची दुर्री. क्षणभर मला, खोटे कशाला सांगू, बरे वाटले.

डॉक्टरांनी बोली लावली. पाळी ताईची. तिची नजर हातातल्या पत्त्यांवरून फिरत माझ्यावर आली. तिचे ओठ हलले. तिने माझ्यावरचा शब्द वाचला आणि ती थांबली.

ती कार्ड उचलले जाण्याची वाट बघत होती. नियमच होता तसा. पण मी तिच्याच हातात, मला उचलणार कोण? डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिले, मेहुण्यांनी डॉक्टरांकडे पाहिले. भावाने मान खाली घालून आपल्या पत्त्यांत डोळे खुपसले होते. शेवटी ताई दचकली आणि तिने ‘पास’ मांडला. मेहुण्यांचाही ‘पास’. भावाच्या हातात पत्ते उत्तम होते. त्याने मोठी बोली लावली आणि ती त्याच्याकडेच राहिली.

‘‘पंचबाई, जरा इकडे या,’’ डॉक्टरांनी हात वर केला. ‘‘एवढा वेळ थांबून पास, आणि लगेच यांची उडी. हे बरोबर नाही.’’

डॉक्टरांचे काही चुकले नाही. मला हात असता तर मीही वर केला असता.

‘‘डाव पुरा करा, मग बघू,’’ पंचबाई म्हणाल्या.

बोली जिंकणाऱ्याच्या भिडूने आपले पत्ते टेबलावर उघडे मांडायचे, अशी रीत. ताई मांडू लागली, तोच भावाला पत्त्यांतून माझी कड दिसली.

‘‘राहू दे ताई, मी मांडतो,’’ म्हणत त्याने तिच्या हातातून पत्ते घेतले. माझ्यावरचा शब्द त्याने वाचला. एका श्वासात त्याला सगळे समजले. दुसऱ्या श्वासात मी त्याच्या खिशात होते.

डाव त्याने जिंकला. ताईने टाळी वाजवली. ‘‘आपण जिंकलो ना रे?’’

‘‘आधी मला उत्तर हवंय,’’ पंचबाई म्हणाल्या. ‘‘ताई, तुम्ही कशाचा विचार करत होतात?’’

ताई गोंधळली. ‘‘मी... थांबा म्हटलं होतं ना?’’

‘‘कोणी म्हटलं? टेबलावर कार्ड नव्हतंच,’’ मेहुणे म्हणाले.

भावाचा हात खिशात आला. मला काढून टेबलावर टाकले असते की सुटला असता तो! सगळ्यांना कळले असते की यात लबाडी नव्हती. आणि सगळ्यांनी ताईकडे वळून पाहिले असते. मी जिवाच्या आकांताने म्हणत होते, काढ मला, दाखव मला. पण पुठ्ठ्याचे ऐकतो कोण?

त्याने हात रिकामाच बाहेर काढला.

‘‘ती थांबली त्यावरून मला तिचा हात कळला,’’ तो म्हणाला. ‘‘त्या जोरावर मी बोली लावली. चूक माझी. ताईचा यात काही संबंध नाही.’’

डाव रद्द झाला, सामना गेला. पंचबाईंनी डोळे टिपत त्याला सांगितले की उद्यापासून इथे येऊ नका. त्याला त्याचे काही वाटले नसावे. तो ताईकडे बघत होता. नेमके त्या घडीला तिचे डोळे लख्ख होते.

‘‘माझ्या हाताखाली शिकलास,’’ ती म्हणाली, ‘‘आणि रडीचा डाव खेळलास?’’

जिना उतरताना ती नेहमी त्याचा दंड धरायची. त्या दिवशी ती कठडा धरून एकटी उतरली.

त्याला बरीच वर्षे झाली, मित्रांनो. ताई औषधांची नावे विसरली, दवाखाना विसरली, शेवटी भावाचा चेहराही विसरली. ती त्याला ‘चष्मेवाले’ म्हणते. रोज दुपारी तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर पत्ते वाटतो आणि मला तिच्या कोपराशी ठेवतो.

‘‘तुम्ही छान खेळता हो चष्मेवाले. सचोटीनं खेळता,’’ ती म्हणते. ‘‘माझा धाकटा भाऊही खेळायचा. पण त्यानं भर सामन्यात लबाडी केली. तेव्हापासून मी त्याच्यासमोर बसत नाही.’’

एवढे मात्र ती विसरली नाही.

‘‘वाईट झालं,’’ तो म्हणतो आणि पुढचे पान टाकतो.

मला जपून ठेवा, असे मी म्हणत नाही. माझे दिवस भरत आले. पण मित्रांनो, बोलता बोलता, चालता चालता एखादे माणूस थांबले, तर त्याचा अर्थ लावायची घाई करू नका. त्याच्यासाठी थोडे थांबा. माझ्या अंगावर एवढेच लिहिले आहे.

काल दुपारी ताईने मला टेबलावर ठेवले. अंगठ्याने हलकेच दाबले, अगदी पूर्वीसारखे. आणि उचलायचे विसरून ती खिडकीबाहेर बघत राहिली. ज्याने ठेवले त्यानेच उचलायचे, हे भावाला तिनेच शिकवलेले. चहा निवून गेला, दुकान उघडायची वेळ टळली. तो हातातले पत्ते तसेच धरून तिच्यासमोर बसून राहिला.