हुंगून सांगणारा मिस्त्री

"बाई, तुमची गाडी एवढा काळा धूर का ओकते?"

मैत्रिणींनी पैज लावली, म्हणून मिस्त्रीच्या लेकीनं मुख्याध्यापिकेला शाळेच्या भर मैदानात विचारलं. मागे खसखस पिकली. बाई शांतपणे म्हणाल्या, "वडिलांनाच विचार तुझ्या. दोनदा दुरुस्त केलीय त्यांनी. आता दुसरीकडे दाखवीन म्हणते."

तिचा चेहरा खर्रकन उतरला. बाबा म्हणजे गाडी नुसती हुंगून दुखणं सांगणारे मिस्त्री, अशी ख्याती. "बाई, एकदाच आणखी द्या ना त्यांच्याकडे," तिनं गळ घातली.

संध्याकाळी गाडी गॅरेजात आली. बाबा पुन्हा प्लगच काढायला बसले.

"प्लग मागच्याच वेळी बदललेत ना?"

"तू अभ्यासाला बस."

ती कसली ऐकते. बाबांच्या पायांत घोटाळतच ती लहानाची मोठी झाली होती. पंप गरजेपेक्षा जास्तच पेट्रोल ढकलतो. इंजिनाला हवा तेवढाच दाब राखून उरलेलं टाकीत परत पाठवायचं, हे डबीएवढ्या रेग्युलेटरचं काम. आतला पडदा फाटला, की पेट्रोल त्याच्या हवेच्या नळीतून भलतीकडेच इंजिनात शिरतं नि धूर काळा होतो, हे तिला पाठ होतं. तिनं ती बारीक नळी उपसून नाकाशी धरली. पेट्रोलचा भपकारा आला.

"बाबा, ही हुंगलीत?"

"हुंगली की. दोन्ही वेळा. काही नव्हतं."

तिनं नळी त्यांच्यापुढे केली. बाबांनी श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग हातातला पाना उगाच पुसत राहिले.

"मागे तो ताप आला ना, तेव्हापासून वासच येत नाही बघ. कुणाला सांगणार? गिऱ्हाईक थांबेल का?"

डोळे चुकवत तिनं दहा नंबरचा पाना पुढे केला. नवा रेग्युलेटर बसला. गाडी सुरू करून बाबांनी सायलेन्सरमागे कागद धरला, तो पांढराच राहिला. गाडी न्यायला आलेल्या बाईंनी तो कागद उलटसुलट पाहिला नि म्हणाल्या, "पुढच्या सर्व्हिसिंगलाही इथेच आणते."

रात्री जेवताना बाबांनी स्वतःच आईला सांगून टाकलं. आई म्हणाली, "म्हणून करपलेली भाजी मुकाट खाल्लीत होय. आणि मी समजत होते, माणूस सुधारला."

बाबा कितीतरी दिवसांनी खळखळून हसले.

"दोघंही ऐका," ती म्हणाली. "शाळा झाली की मी मोटारींचंच शिकणार. आणि उद्यापासून दोन तास गॅरेजात. हुंगायचं काम माझं, बाकीचं बाबांनी शिकवायचं. आई, नाही म्हणायच्या आधी भात वाढ."