हात न लावता पाडणारा महागुरू

चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. महागुरू हू युआनने वीस पावलांवरून नुसता तळहात फिरवला आणि आठ धडधाकट शिष्य धडाधड मागे कोसळले. लोक चाट पडले. ही प्राणशक्ती आहे, अंगमेहनत तर गाढवंही करतात, असं महागुरू वर सांगत होता.

मागे उभ्या थान बाओशान वस्तादाचा जळफळाट होत होता. तीस वर्षं घाम गाळून त्याने मुष्टियुद्ध शिकवलं, आणि हा महागुरू आल्यापासून महिन्याभरात पोरं त्याच्याकडे गेली, तालीम ओस पडली. गेलेल्या पोरांचं एक वेळ सोडा, पण पडलेल्यांत सूयिंग होती. अकरा वर्षं त्याने तिला घडवलं होतं. सत्याची चाड वगैरे काही नाही, निव्वळ मत्सराने तो पुढे घुसला.

"मला पाड," तो म्हणाला.

महागुरू हसला. "तुझ्या मनात मत्सर आहे. त्याला धडकून शक्ती परत फिरते."

मत्सर होताच, त्यामुळे लोकही हसले. थान लालबुंद झाला.

"मग या आठांचे डोळे बांध. शक्तीला यांचे डोळे कशाला लागतात?"

भर गर्दीत नाही म्हणायची सोय नव्हती. कमरेच्या पट्ट्यांनी डोळे बांधले गेले. महागुरू घसा साफ करायला खाकरला, तर चौघे आडवे झाले. मग त्याने जीव खाऊन तळहात रेटला, तेव्हा उरलेले चौघे खांबासारखे उभे राहिले. चौकात हशा पिकला.

सूयिंगने पट्टी सोडली.

"का पडत होतीस?" थानने विचारलं.

"गुडघे टेकून चहा दिला की तो आपला गुरू. गुरूला चारचौघांत खाली बघायला लावायचं नाही, ही रीत तुम्हीच शिकवलीत." तिने पट्टी पुन्हा कमरेला बांधली. "तुमचा गुडघा गेल्यापासून तुमच्यासमोरही मी आपणहून पडत आलेय, वस्ताद. तुम्ही खूश व्हायचात."

थानला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या खोट्या पाडण्यावरून आपण त्या भोंदूवर जळत होतो, त्यावरच आपणही इतकी वर्षं खूश होत आलो, हे त्याला आता कळलं. त्याने कोट काढून ठेवला आणि पवित्रा घेतला.

"ये. रीत बाजूला ठेव."

दुसऱ्याच क्षणी सूयिंगने त्याला धुळीत उताणा पाडला होता. उठायला त्याला वेळ लागला.

"ही विद्या," तो लोकांना म्हणाला. "गुरू कितीही मोठा असो, त्याला असंच तपासून घ्या. मलासुद्धा. उद्यापासून माझ्या तालमीत कुणी माझ्यासाठी पडायचं नाही."